शिवारात पाणी, तर गल्ल्यात नाणे

आठवडी बाजारात बसणाऱ्या आपल्या मनियार, पिंजारी, तांबोळी बांधवांचा धंदा शेतकऱ्याच्या खिशावर चालतो. दुष्काळात उधारी कशी बुडते, हे आम्ही सांगायला नको!

अहिल्यानगर (जुने अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर बांधबंदिस्ती झाली, चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घेणे बंद झाले, उसालाही मनाई. दरवर्षी पाणी मोजून पिके ठरू लागली. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबे १९९५ साली १६८ होती, ती पुढे ३ वर आली. (गावात मुस्लिम घर एकच; त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली.)

चारा वाढला तसे दूधही वाढले. दुधाचा पैसा सुगीची वाट पाहत नाही. दुकानदाराची उधारी फिटते ती त्यातूनच.