पडद्यावरची अणुभट्टी

डोळे मिटा आणि 'अणुभट्टी' म्हणा. काय दिसलं? हिरवा चमकणारा दांडा, किंचाळणारा सायरन आणि घामाघूम हीरो? मग तुमचा फिजिक्सचा क्लास बहुतेक हॉलिवूडनेच घेतलाय!

तो हिरवा दांडा 'द सिम्पसन्स'मधल्या होमरचा. खरं अणुइंधन हिरवं चमकत नाही. पाण्याखालच्या भट्टीत दिसते ती निळी आभा. पण ही झाली गंमत. एका पिक्चरची गोष्ट मात्र सीरियस आहे.

१६ मार्च १९७९ला अमेरिकेत 'द चायना सिंड्रोम' रिलीज झाला. जेन फोंडा टीव्ही रिपोर्टर, जॅक लेमन अणुवीज केंद्रातला इंजिनीअर. कंट्रोल रूममध्ये पाण्याच्या पातळीचा काटा अडकतो. पाणी जास्त झालंय असं समजून सगळे ते कमी करत सुटतात. काचेवर टिचकी मारल्यावर काटा झर्रकन खाली येतो आणि लेमनचा चेहरा पांढरा पडतो. पिक्चरमधला एक तज्ज्ञ म्हणतो, मोठा अपघात झाला तर पेनसिल्व्हेनियाएवढा प्रदेश राहण्यालायक उरणार नाही. अणुउद्योगातली मंडळी पिक्चरवर जाम भडकली.

आणि १२ दिवसांनी, २८ मार्चला, त्याच पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडला अपघात झाला! एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरच्या दिव्यामुळे ऑपरेटरना वाटलं, तो बंद झालाय. त्यांनीही पाणी जास्त आहे असं समजून भट्टीत जाणारं पाणी कमी केलं. जवळपास निम्मा गाभा वितळला.

पुढे? पिक्चरमधला तो प्रलय आलाच नाही. आजूबाजूच्या सुमारे २० लाख लोकांना मिळालेला सरासरी किरणोत्सर्ग छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी होता. पण हा आकडा लक्षात कोण ठेवतं? लक्षात राहिला तो पिक्चर. नव्या भट्ट्यांच्या ऑर्डरी खर्चापायी आधीच घटल्या होत्या, त्यात ही धास्ती. अमेरिकेत नव्या भट्टीच्या बांधकामाला परवानगी मिळायला २०१२ उजाडलं.

म्हणजे भीती सगळी खोटी? नाही. १९८६ला चेर्नोबिलमध्ये खरंच भट्टी फुटली आणि सरकारने ते लोकांपासून लपवलं. २०१९ची 'चेर्नोबिल' सीरिज ही लपवाछपवी झकास दाखवते. मेगाटनच्या स्फोटाचा तिच्यातला डायलॉग मात्र निव्वळ फेकाफेकी!

तारापूर मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर. तिथे १९६९पासून अणुवीज बनतेय. तेव्हा हा विषय आपलाही आहे. भट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल का, हे विचारत बसू नका. नाही फुटत, बॉम्बला लागतं तेवढं समृद्ध युरेनियम तिच्यात नसतंच. 'द चायना सिंड्रोम'चा खरा प्रश्न विचारा. काटा अडकला तर कळणार कोणाला? आणि कळल्यावर आपल्याला सांगणार कोण?