जुन्या फोनमधील माहितीचे नव्या फोनमध्ये स्थलांतर

महाराष्ट्रात २०२१ च्या ऑगस्टपासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून करण्याची ई-पीक पाहणीची पद्धत सुरू झाली. अंगणवाडीतील बालकांची वजने, शाळेतील उपस्थिती, घरकुलाच्या बांधकामाची छायाचित्रे ही कामेही आता बहुतांशी याच वाटेने होतात. गावच्या दप्तराचा मोठा भाग अशा रीतीने कपाटातून खिशात आला आहे. कपाटाला लागलेली वाळवी दिसते तरी. फोनचे तसे नसते. बॅटरी अर्धी भरलेली असताना तो बंद पडू लागतो, पडदा मध्येच काळा होतो, चार्जिंगची पिन हलवून बसवावी लागते. आणि तरीही महिना-दोन महिने काम रेटले जाते. नवा फोन घेतला की जुन्यातील सर्व काही त्यात आपोआप उतरेल, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

माहिती राहते कोठे?

ॲप फोनवर दिसत असले तरी त्यातील माहिती फोनमध्येच असते असे नाही. डिजिलॉकरमधील प्रमाणपत्रे किंवा ई-मेल दूरच्या संगणकावर असतात. फोन विहिरीत पडला तरी ती सुरक्षित राहतात, व नव्या फोनवर त्याच खात्याने प्रवेश केला की पुन्हा समोर येतात. खरी काळजी असते ती केवळ फोनच्याच स्मरणात साठलेल्या माहितीची. डोंगराळ भागात नेटवर्क नसताना भरलेले आणि अद्याप अपलोड न झालेले पाहणीचे अर्ज, फोनवर जतन केलेले संपर्क क्रमांक, ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे ही या वर्गातील होत. अपलोड न झालेल्या नोंदीची प्रत दुसरीकडे कोठेही नसते. म्हणून फोन कुरकुरू लागताच पहिले काम म्हणजे नेटवर्क असलेल्या ठिकाणी जाऊन प्रलंबित नोंदी पाठवून देणे. नवा फोन विकत घेणे हे त्यानंतरचे काम आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये गूगल खात्यावर आपोआप बॅकअप घेण्याची सोय असते, परंतु तिच्या मर्यादा फारशा कोणी ध्यानात घेत नाही. या सोयीत प्रत्येक ॲपच्या वाट्याला जास्तीत जास्त २५ एमबी इतकीच जागा येते. शिवाय आपल्या ॲपची माहिती त्यात घ्यावयाची की नाही, हे ॲप तयार करणारा ठरवितो. दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. बिघडलेला फोन खणात ठेवून 'सवडीने पाहू' म्हणणाऱ्यांची सवड बहुधा याहून उशिरा येते.

व्हॉट्सॲपची गोष्ट

गावचे निरोप, बैठकांच्या सूचना व कामांची छायाचित्रे आज प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर असतात. हे ॲप स्वतःचा निराळा बॅकअप ठेवते. नव्या फोनवर तो परत मिळविण्यासाठी मोबाईल क्रमांक तोच हवा आणि ज्या गूगल खात्यावर बॅकअप घेतला तेही खाते तेच हवे. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. जुना फोन सुरू करून देताना दुकानातील मुलाने एखादे खाते उघडलेले असते, त्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही, आणि नव्या फोनवर दुसरेच खाते उघडले जाते. तेव्हा बॅकअप कोणत्या खात्यावर व कोणत्या तारखेचा आहे, हे जुना फोन चालू असतानाच त्याच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लावला असल्यास तोही आठवणे भाग आहे; त्याविना नव्या फोनवर तो बॅकअप उघडत नाही व कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही.

२०२३ पासून दोन फोन शेजारी ठेवून, क्यूआर संकेत दाखवून संभाषणे थेट हलविण्याची सोयही झाली आहे. मात्र सिम नव्या फोनमध्ये घालताच तेथे घाईने व्हॉट्सॲप सुरू करून बॅकअपविना पुढे जाणे टाळावे.  तोच क्रमांक दुसरीकडे नोंदविला गेला की जुन्या फोनवरील व्हॉट्सॲप बंद होते.

मुद्दाम न हलणारी माहिती

यूपीआयची ॲप्स या बाबतीत वेगळी आहेत. त्यांची नोंदणी फोन व सिम या जोडीशी बांधलेली असते, आणि ती अन्यत्र न जाणे हीच त्यांची सुरक्षितता होय. नव्या फोनमध्ये सिम घालून, तेथून बँकेकडे जाणाऱ्या एसएमएसद्वारे नोंदणी नव्याने करावी लागते. त्यानंतर निदान पहिला एक दिवस ५,००० रुपयांची मर्यादा येत असल्याने मोठी रक्कम देणे असलेल्या दिवशी फोन बदलू नये. लॉगिनसाठी सहा आकडी संकेत देणाऱ्या ॲप्सची किल्लीही मुळात फोनमध्येच असते. गूगलच्या अशा ॲपमध्ये ती खात्यावर ठेवण्याची सोय २०२३ मध्ये आली. ती सुरू केलेली नसेल, तर जुना फोन बंद पडण्यापूर्वी किल्ली नव्या फोनकडे पाठवावी लागते.

पडदा निकामी झाल्यास

पडदा दिसतो परंतु स्पर्श घेत नाही, अशा वेळी ओटीजी जोडणीने संगणकाचा साधा माऊस लावून बहुतेक फोन चालविता येतात. फोन संगणकाला जोडूनही फायली उतरविता येतात, पण त्यासाठी फोनचे कुलूप उघडून परवानगी द्यावी लागते. एरवी संगणकावर रिकामी जागाच दिसते. आतील चिप काढून माहिती मिळवू, हे आश्वासन मात्र आता फारसे कामाचे नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या संचांतील माहिती सांकेतिक रूपात ठेवणे बंधनकारक झाले असून तिची किल्ली त्या फोनच्याच अंतर्भागात व धन्याच्या कुलूपसंकेतात असते. म्हणूनच जेथे निव्वळ पडदा बदलून फोन उघडणार असेल, तेथे तो खर्च करणे परवडते. दुरुस्तीस देताना 'रिसेट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. नादुरुस्त फोन रिसेट करून पाहणे हा अनेक ठिकाणी पहिलाच उपाय असतो. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नये, दाबूही नये.

नव्या फोनवर सर्व ॲप्स उघडून, जुन्या नोंदी प्रत्यक्ष दिसल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन तसाच ठेवावा. पुढे तो विकावयाचा झाल्यास आधी त्यावरील गूगल खाते काढावे आणि मगच रिसेट करावे. हा क्रम चुकला व रिसेट फोनच्या बाजूच्या कळांवरून झाले, तर तो फोन विकत घेणाऱ्याकडे जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.