काम सोपवले, अधिकारही सोपवा



गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील एका लहान मुलीला रात्री सणकून ताप भरला. गृहमाताबाईंनी जीप बोलावली नाही. भाड्याच्या खर्चाला माझी परवानगी लागे, आणि त्या रात्री माझा फोन लागत नव्हता. मुलगी पहाटे ग्रामीण रुग्णालयात पोहोचली. देवकृपेने बरी झाली. दोष बाईंचा नव्हता. जबाबदारी मी त्यांना दिली होती, अधिकार मात्र स्वतःच्या खिशात ठेवला होता.

निर्गमाच्या 18 व्या अध्यायातला मोशे आठवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. सासरा इथ्रो याने त्याला सांगितले, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. लोकांना नियम शिकव, विश्वासू माणसे निवड, लहान वाद त्यांना मिटवू दे, अवघड तेवढे तुझ्याकडे येऊ दे. म्हणजे आधी शिकवण, मग निवड आणि शेवटी कामाची हद्द.

हेच जामखेडला घडले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तेथे काम सुरू केले आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक जणींना अक्षरओळखही नव्हती. गरोदर बायांची काळजी, जुलाब झालेल्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्या करू लागल्या. गुंतागुंतीचे रुग्ण डॉक्टरांकडे जात. प्रशिक्षण मात्र थांबले नाही. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आम्हीही आता प्रत्येक सेवकाला तीन गोष्टी लिहून देतो: कोणता निर्णय तुमचा, किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा आणि मला केव्हा कळवायचे. आठवड्यातून एकदा एकत्र बसून हिशेब पाहतो. काम सोपवणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. शेवटची जबाबदारी माझीच राहते.

मध्यंतरी बाईंनी रात्री जीप बोलावली आणि दुखणे साधे निघाले. भाडे गेले. मी रागावलो नाही. रागावलो असतो, तर पुढच्या वेळी त्या पुन्हा माझ्या फोनची वाट पाहत बसल्या असत्या.

आमच्या सेवकांसाठी प्रार्थना करा. आणि मूठ सैल करायला मी शिकावे, म्हणून माझ्यासाठीही.