एक तिकीट पूर्ण, दोन अर्धी

नाशिकहून घोटीमार्गे राजूरकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टरने मशीनमधून या कुटुंबाची तिकिटं काढली तेव्हा हिशेब असा झाला. आजीने पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणून ती फुकट. आईचं अर्धं. मुलगी दहा वर्षांची, तिचंही अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली ऑगस्ट २०२२ मध्ये आणि बायकांना निम्मं भाडं लागू झालं मार्च २०२३ मध्ये. बाबांनी मोबाइलमध्ये ‘सहल-खर्च’ असं पान उघडलं आणि पहिला आकडा टाकला. प्रत्येक पैसा लिहायची त्यांची सवय, आणि या वेळी तिला कारणही होतं.

मागच्या वर्षी याच दिवसांत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते भंडारदऱ्याच्या तलावाकाठी तंबूत एक रात्र राहून आले होते. माणशी पैसे मोजून जेवण, शेकोटी आणि ‘काजवे दर्शन’. जेवण ठीक होतं. स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू होता आणि काजवे दिसले ते पुढच्या गाडीच्या हेडलाइटमधून, म्हणजे जवळजवळ दिसलेच नाहीत. परत आल्यावर आई एवढंच म्हणाली, की माझं माहेर तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. वाक्य छोटं होतं, पण वर्षभर पुरलं, आणि यंदाची सहल आईच्या माहेरी ठरली.

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा डोंगराळ कोपरा. जिल्ह्याची पूर्व बाजू टँकरची वाट बघत असते, आणि इकडे घाटघर-रतनवाडीला पाऊस असा कोसळतो की वर्तमानपत्रं दरवर्षी न चुकता त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. मेच्या अखेरीस मात्र डोंगर तपकिरी असतो. अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला, विहिरीने तळ गाठलेला, आणि राब भाजून तयार असलेली शेतं आभाळाकडे बघत बसलेली.

पहिली सकाळ करवंदांची. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात आकडीची काठी, कमरेला खोचलेलं फडकं. ऊन चढायच्या आत निघायचं, कारण करवंद थंड असतं तोवरच गोड लागतं, असं तिचं म्हणणं. करवंदाच्या झुडपाला इकडे कुणी झुडूप म्हणत नाही, जाळी म्हणतात, आणि जवळ गेल्यावर ते पटतं. फांदीत फांदी अशी गुंतलेली की आत ससा बसला तरी बाहेरच्याला पत्ता लागू नये. आजीने आधी काठी दोनदा जाळीवर आपटली. आत काही सरपटणारं असलं तर त्याला निघून जायला वेळ द्यायचा. मग आकडीने वरची फांदी ओढून धरली.

मुलीने चटकन हात घातला आणि ‘आई गं’ केलं. करवंदाचा काटा जोडीने येतो. गंमत अशी, की तो हात आत जाताना लागत नाही, बाहेर येताना लागतो. आत जाताना हात रिकामा असतो, सावध असतो. परतताना मूठ भरलेली असते.

‘‘वढू नको,’’ आजी म्हणाली. ‘‘पिकल्यालं आपसूक येतं.’’

ते खरंच तसं होतं. काळंभोर करवंद बोट लागताच तळहातावर पडायचं. ज्याला ओढावं लागलं ते आतून लालसर, आंबट, आणि त्याच्या देठातून पांढरा चीक. तासाभरात मुलीचे ओठ एकमेकांना चिकटायला लागले. गोडेतेल लावलं की सुटतात, पण तेल घरी होतं. तोवर कोंबडा-कोंबडी सुरू झालं. समोरच्याने करवंद हातात धरून विचारायचं, कोंबडा की कोंबडी? उत्तर आलं की दाताने तोडून दाखवायचं. गर लाल निघाला तर कोंबडा, फिका निघाला तर कोंबडी. मामेभाऊ सात वर्षांचा, पण दहापैकी आठ वेळा बरोबर सांगत होता. बाबांना वाटलं काहीतरी खूण असणार. त्यांनी बारकाईने पाहिलं, खूण सापडली नाही. पोराने सांगितलीही नाही.

तीन जाळ्या झाल्यावर आजी थांबली. डबा अजून अर्धा रिकामा होता आणि चौथी जाळी काळ्या मण्यांनी लगडलेली दिसत होती. ती जाळी खालच्या वाडीतल्या बायका करतात, म्हणाली. त्या बायका तीच करवंदं घाटरस्त्याच्या कडेला नेऊन विकतात. त्यांच्या हाती या पैशासाठी तीन-चार आठवडेच असतात. एकदा पाऊस लागला की फळ पाणी पितं, पचपचीत होतं, आत अळी पडते. जाळीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तरी ती कुणाची हे सगळ्यांना माहीत असतं. शहरातून येऊन ‘जंगलातलं फुकट’ म्हणून पिशव्या भरणाऱ्यांना नेमकं एवढंच माहीत नसतं.

खाण्यासाठी द्रोण तिथेच झाले. पळसाला पानं तीनच, हे आपण म्हणीत ऐकलेलं असतं. द्रोण करताना त्यातलं मधलं, सर्वांत मोठं पान घ्यायचं, हे म्हणीत नसतं. पान पालथं धरायचं, एका टोकाला दोन चुण्या घालून वर उचलायच्या, त्यातून बारीक काडी आरपार ओवायची. मग दुसरं टोक. आजीचा द्रोण दहा-बारा सेकंदांत. मुलीच्या पहिल्या द्रोणाची काडी शिरेतून गेली आणि पान उभं फाटलं. दुसऱ्याचा तळ राहिला नाही. तिसऱ्यात करवंदं राहिली.

दुपार घराच्या ओट्यावर गेली. मामी कोनाड्यातून सागरगोट्यांची पुरचुंडी घेऊन आली. राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढ्या बिया. काटेरी वेलीवर काटेरीच शेंगा येतात, त्यांत एकदोन बिया. हाताळून हाताळून यांना तुकतुकी आली होती. आई तीस वर्षांनी खेळायला बसली. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे वेचायचे. पहिल्या दोन डावांत तिचा हात चुकला, तिसऱ्यापासून चुकलाच नाही. मामेभावाला या खेळात रस नव्हता. त्याने एक सागरगोटा ओट्याच्या दगडावर दहा-वीस वेळा घासला आणि बाबांच्या दंडाला टेकवला. बाबा ओरडले. घासलेला सागरगोटा चांगलाच तापतो आणि चटका खरा असतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात घर्षणाचा धडा असतो, पण तो इतका लक्षात राहत नाही.

बाबांच्या यादीत कळसूबाई होतं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून वाट, अवघड जागी लोखंडी शिड्या. पण दुपारी तीनला ढग दाटले आणि मामाने नको म्हटलं. ओल्या शिडीवर दहा वर्षांचं पोर घेऊन जाऊ नये. आजीने त्याऐवजी कळसूची गोष्ट सांगितली. ती पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर, की केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावली. तिने घासली आणि उठून जी डोंगरावर गेली ती परत उतरली नाही. आईला ही गोष्ट फार आवडते. सासरी ती निदान चारदा सांगून झाली आहे.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. काळ्या दगडावरचं कोरीवकाम, बाजूची पायऱ्यांची पुष्करणी आणि तिच्या भिंतींतले कोनाडे. तिकीट नाही. मुलीने कोनाडे मोजले, बाबांनी फोटो काढले, एवढ्यावर ते आटोपलं. खरी गडबड त्या संध्याकाळी होती, कारण वळीव आला.

अर्धा तास पाऊस, तोही तिरका. वीज गेली. मातीचा वास आला, बेडकांनी सूर लावला आणि मामाने खुंटीवरची बॅटरी काढून तिचे सेल हलवून पाहिले. बाबांनी दुपारीच दुकानातून दोन नवे सेल आणून ठेवले होते, यादीत तसे लिहिलेही होते.

‘‘पयला पाऊस झाला का खेकडं बिळात ऱ्हात नाय,’’ मामा म्हणाला.

उन्हाळाभर खेकडी ओहोळाच्या काठी, भातखाचराच्या बांधात खोल बीळ करून ओलाव्याला धरून बसतात. पहिलं पाणी बिळात उतरलं की खायला बाहेर पडतात. मामा पुढे, बॅटरी खाली धरलेली. मागे बाबा बादली घेऊन, त्यांच्यामागे दोन्ही पोरं आणि आई. बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही. ओहोळाचं पाणी घोट्याएवढं. उजेड पडला की खेकडा जागच्या जागी थिजतो, दोन डोळे काडीवर उभे राहतात. त्या क्षणी वरून तळहाताने पाठ दाबायची, मग अंगठा आणि बोटं मागच्या बाजूने कवचाच्या दोन कडांना. तिथे नांगी पोचत नाही. मामाने हे पाच वेळा दाखवलं. मुलीला सहाव्या वेळी जमलं. बाबांना जमलं असं त्यांना वाटलं.

‘‘वढू नका दाजी! हात पाण्यात घाला, गप ऱ्हावा.’’

बाबांनी हात पाण्यात घातला. खेकड्याने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. बोटाला दोन लाल अर्धचंद्र.

पकडलेला प्रत्येक खेकडा मामा उलटा करून बघत होता. पोटाखालचं झाकण अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. एका मादीचं झाकण त्याने नखाने किंचित उचललं आणि पोरांना जवळ बोलावलं. आत डाळीएवढे खेकडे, डझनावारी, पायांसकट पूर्ण घडलेले. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत, रूप पालटत वाढतात. गोड्या पाण्यातली अंड्यातून बाहेर पडतात तीच खेकडा होऊन, आणि काही दिवस आईच्या पोटाशी राहतात. मामाने झाकण मिटवलं आणि मादीला दगडाआड सोडलं. अशा चार सोडल्या.

बादलीचं एक सांगायला हवं. मराठी माणसाच्या खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, हे आपण भाषणांतून इतकं ऐकलं आहे की कुणी तपासायला जात नाही. मामाच्या बादलीला झाकण होतं. ते दोन मिनिटं काढून ठेवलं, तर तीन खेकडी एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन काठावर आली आणि एक निसटलंसुद्धा. बहुधा भाषण करणाऱ्यांनी उथळ बादली पाहिली नसावी.

कालवणाचा कारभार आजीकडे, पण डॉक्टरांनी धुरापाशी बसू नको असं बजावलेलं, म्हणून ती उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत होती. वीज नाही, मिक्सर नाही, पाटा-वरवंटा. नांग्या अख्ख्या ठेवायच्या. बारीक पाय वाटून, पाणी घालून फडक्यातून गाळायचे, रस्सा त्या पाण्याचा. कवच उघडल्यावर दोन्ही बाजूंचे स्पंजासारखे कल्ले काढून टाकायचे. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, आणि दाटपणाला तांदळाचं पीठ. मामेभावाला एक नांगी निखाऱ्यावर टाकून लगेच खायची घाई होती, आजीने ती परत आत टाकायला लावली. कच्चं खेकडं छातीत बसतं, म्हणाली. ओढ्यातल्या खेकड्यांत फुप्फुसाला लागणारे जंत असू शकतात हे पुस्तकातलं ज्ञान तिच्याकडे नव्हतं, पण निष्कर्ष तोच होता. सोबत नागलीची भाकरी.

वीज रात्री नऊलाही आली नव्हती, आणि तेच बरं झालं. मामाने सगळ्यांचे मोबाइल घरात ठेवायला लावले. बॅटरीही घेतली नाही. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि वाडीमागच्या सादड्याच्या झाडांपर्यंत चालायचं. सादडा म्हणजे ऐन. पहिली पाचेक मिनिटं काहीच दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले.

आधी गवतात एकदोन. मग पहिल्या झाडावर. काजवा हा भुंगेऱ्यांच्या भाऊबंदांपैकी. पोटाच्या टोकाशी रसायनाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो, जवळजवळ उष्णतेशिवाय. उडत चमकणारे बहुतेक नर, माद्या खाली किंवा पानावर बसून उत्तर देतात. त्या लुकलुकीवर जोडी जमते आणि म्हणूनच हेडलाइट पडला की संवाद तुटतो. हे सगळं बाबांनी आधी वाचलं होतं आणि ते सांगायच्या तयारीत होते. पण झाड एकदम पेटलं, विझलं, पुन्हा पेटलं. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढत गेली आणि शेजारच्या झाडाने ती उचलली. बाबा काही बोलले नाहीत.

आजीने काळा चष्मा काढला होता. ‘‘दोन वर्सं झाली,’’ ती म्हणाली, ‘‘मला वाटलं व्हतं काजवं कमी झालं.’’

सकाळी मामाला लवकर शेतावर जायचं होतं. वळीव झाला म्हणजे राबात भात पेरायची घाई. पाहुण्यांसाठी त्याने दीड दिवस मोडला होता, आणि बाबांच्या पानावर तो कुठे लिहायचा हे त्यांना ठरवता आलं नाही. पानावर एवढंच होतं: तिकिटं, दोन सेल, भाच्याला बिस्किटाचा पुडा. ते तासभर मामाबरोबर खाचरात गेले. त्यांनी ढेकळं फोडली, बोटाची जखम पुन्हा उघडली आणि पावणेनऊच्या गाडीसाठी धावत परत आले.

आजी या वेळी मागेच राहिली. तिने पळसाच्या पानांत बांधून करवंदांचं एक गाठोडं दिलं. गाडीत तेच मशीन, तोच कंडक्टर, या खेपेला एक पूर्ण आणि दोन अर्धी. मुलीने त्याच्यापुढे मूठ धरली.

‘‘कोंबडा का कोंबडी?’’

त्याने तिकिटं तिच्या आईच्या हातात दिली, मशीन काखेत मारलं, करवंद उजेडाकडे धरून नीट न्याहाळलं. ‘‘कोंबडी,’’ म्हणाला, आणि दाताने तोडून दाखवलं. कोंबडीच होती.