आयती प्रणाली आणि आपले काम

संकेतस्थळ उभारावयाचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो हा : आयती प्रणाली घ्यावी, की पायापासून बांधावे? ‘ड्रुपल’चे उदाहरण घेऊ. बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने रचलेली ही प्रणाली २००१ साली सर्वांस खुली झाली. लेख लिहिणे, तो प्रसिद्ध करणे, सभासदांची नोंदणी, कोणास कोणता अधिकार, ही सारी व्यवस्था तीत तयारच मिळते. ‘मायबोली’ आणि ‘मिसळपाव’ ही मराठी संकेतस्थळे तिच्यावर वर्षानुवर्षे चालली. कारण त्यांचे कामच मुळी लेखनाचे.

पण हीच प्रणाली वाटेल त्या कामास चालेल काय? आपल्या मांजरसुंब्याच्या आसपासचेच पाहा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात. समजा, त्यांच्यासाठी दोन कामे करावयाची आहेत : शासकीय योजनांची माहिती देणे, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल व तोडीची मजुरी यांचा हिशेब ठेवणे. पहिल्या कामास ड्रुपल उत्तम.

दुसऱ्या कामात अडचण येते. ड्रुपलचा मूळ घटक म्हणजे मजकुराचे पान. पान केव्हाही दुरुस्त करता येते. वहीतली रक्कम मात्र खोडावयाची नसते, उलट नोंद करूनच चूक सुधारावी लागते. शिवाय आपण पानास जोडलेला एकेक रकाना ती वेगळ्या तक्त्यात साठवते. एका कोयत्याची, म्हणजे एका जोडप्याची, उचल किती फिटली, एवढ्या बेरजेसाठीही अनेक तक्ते जुळवावे लागतात.

कोणी म्हणेल, हिशेबाचा भाग स्वतः लिहून तिला जोडता येतो. येतो खरा! मग आयत्यापैकी किती उपयोगी पडले, ते मोजावे. केवळ सभासदांचा प्रवेश आणि अधिकार एवढेच उरत असेल, तर ते ‘जँगो’सारख्या मोकळ्या आराखड्यातही मिळते.

आणखी एक खर्च पुढे येतो. २०१५ साली आलेली ड्रुपलची ८वी आवृत्ती आतून इतकी बदलली, की जुने जोडकाम बहुतांशी नव्याने लिहावे लागले. आणि ७व्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. जोडकाम जितके अधिक, तितका हा भार अधिक.

सारांश, प्रणालीची कीर्ती नंतर पाहावी, आपले काम आधी. माहितीचे पान चुकले तर उद्या सुधारता येईल. हिशेब चुकला, तर एखाद्या जोडप्यास आणखी एक हंगाम राबावे लागेल.