मागच्या ओझ्याचा ब्रेक

श्रोतेहो, भरली बैलगाडी उताराला लागली की मागून बैलांना कशी रेटते, हे तुम्हांला सांगायला नकोच. ट्रकमागच्या ट्रेलरचेही तसेच आहे. बोरघाट उतरताना पुढचा ब्रेक आधी लागला नि ट्रेलरचा मागाहून, तर ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलतो. ओल्या वळणावर दोन्ही मग अडकित्त्यासारख्या मिटतात. उलट, ट्रेलर रिकामा आणि त्याचा ब्रेक भरल्या वजनाइतका कडक असेल, तर चाके जाम होऊन तो बाजूला घसरतो. म्हणून ज्याचे ओझे त्यानेच थोपवावे, हा नियम.

हे काम दाबलेली हवा करते. ट्रकमधून ट्रेलरला दोन नळ्या जातात. एक टाकीत हवा भरते, दुसरी ड्रायव्हरच्या पायाचा हुकूम पोचवते. हुकूम मिळताच ट्रेलरवरची झडप जवळच्या टाकीतली हवा सोडते, म्हणजे उशीर होत नाही. हवा भरणारी नळी तुटली, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

तेव्हा मंडळी, निघण्यापूर्वी नळ्या पाहा, हवा भरू द्या. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना एकदा ब्रेक दाबा. ट्रेलर मागून धक्का देतो आहे? मग आधी मिस्त्री गाठा, घाट नंतर.