पंखा बंद करा, आजी गातेय!

मुलांनो, माझ्याकडं एक आवाज जपून ठेवलाय. जेमतेम चार मिनिटांचा. तो माझ्या आजीचा आहे. म्हणजे, असायला हवा होता. ऐकायला लागलं की आधी येतो छताचा पंखा. मग पलीकडच्या खोलीतला टीव्ही. त्यानंतर आपल्या शिराळ्याचा जुलैतला पाऊस, पत्र्यावर ताशा बडवावा तसा. आणि या सगळ्यांच्या मागं, विहिरीच्या तळातून यावी तशी, आजी जात्यावरची ओवी म्हणत असते. निम्मे शब्द कळतात, निम्मे नाहीत.

फोन मी टीव्हीजवळ उभा करून ठेवला होता आणि आजी बसली होती दारापाशी, बारा फुटांवर. मला वाटलं, फोन चांगला आहे, घेईल सगळं. "पुन्हा एकदा नीट करू" म्हणता म्हणता दोन वर्षं गेली, आणि मग आजीच गेली.

आता वर्गातली मुलं विचारतात, "बाई, घरात गाणं रेकॉर्ड करायचंय. कुठला माईक घ्यायचा? कितीचा घ्यायचा?" तेव्हा मला ती चार मिनिटं आठवतात. म्हणून ठरवलं, माझी चूक तुमच्याकडून होऊ नये यासाठी सगळं सविस्तर लिहावं.

आधी होता भोंगा

माईक नव्हता तेव्हा गाणी कशी मुद्रित करायचे, माहीत आहे? भोंग्यानं! गाणाऱ्यानं एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं. भोंग्याच्या टोकाला पातळ पडदा. आवाजानं पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई थरथरे, आणि मेणाच्या तबकडीवर तिची नागमोडी रेघ उमटे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान याच रीतीनं गायल्या. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. कारण तबकड्या छापायला जायच्या थेट जर्मनीला. तिथल्या लोकांना कसं कळणार, कोण गायलंय ते? ही सवय ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

१९२५ पासून तबकड्यांसाठी भोंगा जाऊन विजेवर चालणारा माईक आला. यातला फरक ऐकायचा असेल तर आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचा एक गवई पाहा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहत. त्यांच्या काही तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे भोंग्यापुढं गायलेल्या, आणि काही १९३४ नंतरच्या, म्हणजे माईकपुढच्या. गाणारा तोच. पण माईकपुढं ओरडावं लागत नाही. हळुवार सूर, श्वास, आवाजातली बारीक थरथर, सगळं माईक टिपतो. आजही मोठ्या माणसांना सांगून दोन्ही ऐकायला मिळतील. जरूर ऐका.

दोन कान : एक जाड, एक तिखट

माईक म्हणजे यंत्राचा कान. तुमच्या कानात पडदा असतो तसा यातही असतो. आवाजाच्या लाटा त्यावर आदळतात, पडदा थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. ही वीज दोन रीतींनी करता येते. त्यावरून माईकच्या दोन मुख्य जाती पडल्या.

पहिली डायनॅमिक. यात पडद्याला तारेचं छोटं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या पोटात हलतं. चुंबकाजवळ वेटोळं हललं की तारेत वीज येते. सायकलच्या डायनॅमोचंच हे धाकटं भावंडं. वेटोळ्यामुळं पडदा जरा जड होतो, म्हणून हा माईक थोडा जाड कानाचा. लांबचं, बारीक आवाजातलं त्याला फारसं ऐकू येत नाही. पण अंगानं दणकट. शाळेच्या स्नेहसंमेलनात हातात धरतो तो बहुधा हाच.

दुसरी कंडेन्सर. यात अगदी पातळ पडदा आणि त्याच्या पाठीमागं केसभर अंतरावर एक धातूची पट्टी असते. पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं, आणि त्याबरोबर वीज बदलते. पडद्याला वेटोळ्याचं ओझं नाही, म्हणून हा भारी तिखट कानाचा. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारे झिणझिणते बारीक सूर टिपावेत तर यानंच. मात्र याला बाहेरून वीज पुरवावी लागते. स्टुडिओतल्या कंडेन्सरला ती बहुतेक वेळा ४८ व्होल्टची लागते.

मग तिखट कानाचाच घ्यावा, नाही का? थांबा! तिखट कान सगळंच ऐकतो. शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरची एसटी, गोठ्यातली म्हैस, सगळं. शांत, न घुमणारी खोली असेल तर कंडेन्सरसारखा मित्र नाही. पण तुमच्या-माझ्यासारख्या भरल्या घरात जाड कानाचा डायनॅमिक तोंडाजवळ धरला तर कितीदा तोच चांगलं काम करतो. महाग म्हणजे चांगला असं नाही. आपल्या घराला शोभेल तो चांगला.

पत्त्यातला बदाम

माईकला सगळीकडचं सारखं ऐकू येतं असं समजू नका. काही माईक चहूबाजूंनी ऐकतात. पण गाण्यासाठी मिळणारे बहुतेक माईक समोरचं नीट ऐकतात, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. कागदावर या ऐकण्याचा नकाशा काढला तर पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. म्हणून नको असलेला आवाज माईकच्या पाठीला द्यायचा.

समजा, आजी जातं फिरवत ओवी म्हणतेय. जात्याची घरघर थोडी हवी, नाहीतर ओवीची मजा काय? पण ती शब्दांवर चढायला नको. मग माईक आजी आणि जातं यांच्या मध्ये, तोंड आजीकडं आणि पाठ जात्याकडं करून ठेवायचा. झालं काम! जात्याचा आवाज मागून मंद येतो आणि शब्द पुढून स्वच्छ.

एका वितीचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिला एक पैसा लागत नाही.

आवाज जसजसा लांब जातो तसतसा पसरून विरळ होतो. अंतर दुप्पट झालं की त्याची ताकद निम्मी होत नाही, पावपट होते. तिप्पट झालं की नवमांश. म्हणजे अंतराचा वर्ग करायचा. एक वीत म्हणजे साधारण नऊ इंच. माझी आजी बसली होती बारा फुटांवर. बारा फुटांच्या किती विती? सोळा! सोळाचा वर्ग २५६. म्हणजे तिच्या तोंडापासून एका वितीवर ठेवलेल्या फोनला जेवढा आवाज थेट मिळाला असता, त्याचा २५६ वा भाग माझ्या फोनला मिळत होता. पंखा मात्र होता तिथंच, होता तेवढाच. मग पंखा जिंकला, यात नवल काय?

भिंतींवर आपटून आलेला आवाजही माईकपर्यंत पोचतो, पण तो घुमलेला असतो. विहिरीतून आल्यासारखी आजी का ऐकू येते, ते आता कळलं ना?

*करून पाहा :* एकच वाक्य फोनमध्ये तीनदा बोला. एकदा एका वितीवरून, एकदा एका हातावरून, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मग लागोपाठ ऐका. माझं ऐकायची गरजच उरणार नाही.

वाकळ आणि ओढणी

रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. 'टण्ण' असा शेपूट ओढल्यासारखा आवाज येतो ना? गुळगुळीत भिंती आवाज परत फेकतात. आता त्याच खोलीत दोरीवर दोन-तीन वाकळा टांगा, खाली घोंगडं अंथरा, गादी भिंतीला टेकवून उभी करा आणि पुन्हा टाळी वाजवा. शेपूट गायब! जाड, मऊ, सुरकुतलेलं कापड आवाज पिऊन टाकतं. आजीच्या हातची वाकळ हाच तुमचा पहिला स्टुडिओ. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असलं तर आणखी छान.

दुसरी अडचण पवर्गाची. तोंडापुढं तळहात धरून 'नदी' म्हणा. मग 'फणस', 'भाकरी', 'पाऊस' म्हणा. तळहातावर वाऱ्याचा झोत लागला ना? हाच झोत माईकवर आदळला की 'भप्प' असा ठोसा ऐकू येतो. उपाय सोपा. भरतकामाच्या रिंगेत जुनी पातळ ओढणी ताणून बसवा आणि माईकच्या चार बोटं पुढं धरा. शब्द आरपार जातील, वारा अडेल. माईक नाकासमोर न ठेवता थोडा तिरका ठेवला तर झोत बाजूनंच निघून जातो.

बासरीचंही तसंच. फुंकेच्या रेषेत माईक धरू नका. पेटी वाजवताना भात्याजवळ ठेवू नका, नाहीतर सुरांपेक्षा भात्याचा श्वासच जास्त. हलगी, संबळ यांच्यापुढं तिखट कानाचा माईक लगेच भांबावतो. तिथं डायनॅमिक, आणि तोही जरा लांब.

काय घ्यायचं, कुठल्या क्रमानं?

पहिली पायरी : काहीच नाही. घरातला फोन. तोंडाकडचा माईक बहुधा फोनच्या खालच्या कडेला असतो. ती कड गाणाऱ्याकडं करा, बोटानं झाकू नका.

दुसरी पायरी : कॉलरला लावायचा छोटा माईक. काही शे रुपयांतही मिळतो. बोलणं, गोष्टी, मुलाखती यासाठी उत्तम, कारण तो तोंडापासून वीतभरच राहतो. पिनेवर किती काळी वर्तुळं आहेत ते मोजून घ्या. फोनच्या गोल भोकासाठी तीन असावी लागतात. दोन असली तर तो बहुधा कॅमेऱ्यासाठीचा. फोनला गोल भोकच नसेल तर त्याला बसेल असा जोड दुकानदाराकडून आधी लावून पाहा.

तिसरी पायरी : कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन. माईकच्या आधी हेडफोन! आपण काय टिपतोय ते ऐकल्याशिवाय चूक कळत नाही. आणि माईक चालू असताना स्पीकर लावायचा नाही. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू झालं की काय होतं ते स्नेहसंमेलनात सगळ्यांनी अनुभवलंय. कूंऽऽऽ!

चौथी पायरी : कॉम्प्युटर असेल तर थेट त्याला जोडायचा यूएसबी माईक. किंवा तीन टोकांच्या जाड तारेचा माईक आणि सोबत ऑडिओ इंटरफेस नावाची डबी. ही डबी माईकची बारीक वीज मोठी करते, कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट पुरवते (ती सोय आहे ना, ते विचारून घ्या) आणि आवाजाचे आकडे करते. सीडीच्या प्रतीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा! का? आपल्याला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं, आणि ते हुबेहूब उतरवायचं तर दुपटीहून अधिक वेळा मोजावं लागतं. नुसता कंडेन्सर आणून डबी आणली नाही तर तो मुका बसतो, हे विसरू नका.

आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मुद्रण करताना पट्टी लाल होऊ देऊ नका. लाल म्हणजे आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. मूळ प्रत 'वेव्ह' रूपात ठेवा. दोन्ही कानांचा एक मिनिट आवाज साधारण १० एमबी जागा घेतो.

गाणारे आहेत तोवर

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी कितीतरी वर्षं खपून महाराष्ट्रातल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो ओव्यांचे आवाजही टिपून ठेवले. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, पण त्या बायका आज आपल्याला ऐकू येतात. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. ते काम तुमच्या घरापुरतं तुम्हीही करू शकता.

रविवारी दुपारी आजीला, आजोबांना, नाहीतर शेजारच्या मावशींना विचारा, "तुमचा आवाज जपून ठेवू का?" त्यांनी 'हो' म्हटलं तरच पुढं. टीव्ही बंद. पंखा बंद. फ्रिज बंद (नंतर आठवणीनं चालू करा, नाहीतर दूध नासेल आणि बोलणी तुम्ही खाल!). फोन एरोप्लेन मोडवर. वाकळा टांगलेल्या. माईक एका वितीवर. सुरुवातीला गौहरजानसारखं नाव सांगून घ्या : कोण गातंय, गाव कुठलं, तारीख काय. आधी दहा सेकंद मुद्रण करून हेडफोननं ऐका, मगच पुढं चला.

आणि मधे त्या विसरल्या, हसल्या, खोकल्या, "अगं, पुढचं आठवंना बघ" म्हणाल्या, तर ते खोडू नका. तेही त्यांचंच आहे.

आईबाबांना दोन शब्द. मूल 'माईक हवा' म्हणून हट्ट करेल तेव्हा लगेच दुकान गाठू नका. आधी महिनाभर फोन, वाकळ आणि ओढणी यांवर काम करू द्या. तेवढ्यात त्याचा कान तयार होईल, आणि मग कुठला माईक घ्यायचा ते तेच तुम्हाला सांगेल.

बाकी, मी अजून ती चार मिनिटं अधूनमधून लावते. पावसामागचा एखादा शब्द परवा नव्यानं लागला. वहीत लिहून ठेवलाय. तुमच्या आजीचे सगळे शब्द मात्र पहिल्याच वेळी लागायला हवेत. मग या रविवारी बसताय ना?